मनगटाची नस परत वाढते, मग पाठीच्या कण्यातली का नाही?

मावशी मोरीत काचेची बरणी घासत होती. बरणी हातातच फुटली आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला खोल काप गेला. हाताच्या सर्जननी त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली नस जोडली. शस्त्रक्रिया छान झाली, असं सगळ्यांनी सांगितलं. तरी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधीर ते बधीरच. तांदूळ निवडायला बसली की खडा डोळ्यांना दिसायचा, बोटांना कळायचा नाही. एकदा तव्याला बोट लागलं, ते फोड दिसला तेव्हा तिला समजलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "नस जोडली ना? मग बोटं का कळत नाहीत?" त्याच दिवसांत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. अपघातात लुळा पडलेला माणूस शरीरात बसवलेल्या यंत्राच्या मदतीने चालतोय. त्याखाली कुणीतरी स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींच्या, उपचारांची जाहिरात चिकटवलेली. आमच्या ओळखीतला एक मुलगा बाइकच्या अपघातानंतर चार वर्षं व्हीलचेअरवर आहे. त्याच्या आईने मला फोन केला. म्हणाली, "तुझ्या मावशीच्या हाताची नस वाढतेय म्हणे. मग आमच्या पोराच्या पाठीतली का नाही वाढत?"

फोनवर मला तिला धड सांगता आलं नाही. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय.

## आधी 'नस' म्हणजे काय ते पाहू

नस, शीर हे शब्द आपल्या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतात. सलाइन लावताना सिस्टर शोधतात ती रक्तवाहिनी. मूठ वळली की मनगटावर ताठ उठून दिसते ती बोटं ओढणारी दोरी, म्हणजे कंडरा. आणि मेंदूचे निरोप नेणारी-आणणारी ती मज्जातंतू, म्हणजे नर्व्ह. या लेखात नस म्हणजे फक्त ही तिसरी.

नस ही हजारो बारीक तंतूंची जुडी असते. त्यातला प्रत्येक तंतू म्हणजे एका चेतापेशीची लांबच लांब शेपटी. चेतापेशी म्हणजे निरोप वाहणारी पेशी. हातापायांकडे जाणाऱ्या या पेशींची शरीरं मज्जारज्जूत किंवा त्याच्या अगदी शेजारी असतात. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली उतरलेला मेंदूचा जाड दोर. पेशी तिथे आणि तंतूचं टोक थेट बोटाच्या कातडीत.

हे अंतर डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे. पायाच्या अंगठ्याकडे जाणारा तंतू सुमारे १ मीटर लांब असतो आणि त्याच्या पेशीचं शरीर जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. तीच पेशी लिंबाएवढी, म्हणजे ४ सेंटिमीटरची धरली, तर तिच्यातून निघालेला दोरा ८०० मीटरवर जाऊन पोचेल. त्या दोऱ्याला लागणारं बहुतेक सगळं सामान त्या एका लिंबातून पाठवावं लागतं. मधुमेहात आधी पायाची बोटं बधीर होतात आणि मग बधीरपणा वर चढतो, त्यामागे हेही एक कारण आहे. सर्वांत लांबच्या टोकाला पोसणं सर्वांत कठीण.

ही वाहतूक खरोखर चालते, हे पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ साली दाखवलं. त्यांनी नस आवळून पाहिली. आवळलेल्या जागेच्या अलीकडे, पेशीच्या बाजूला, तंतू फुगले, जसं बांध घातल्यावर ओढ्याचं पाणी अलीकडे तुंबतं. पुढे कळलं की या वाहतुकीला दोन गती आहेत. हलकं सामान दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत धावतं. तंतूच्या आतला सांगाडा बांधणारं जड सामान मात्र दिवसाला एखाद-दोन मिलिमीटरच सरकतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा मिलिमीटरभर लांबीच्या एका पारदर्शक कृमीमध्ये हीच वाहतूक पाहते. तंतूत काही ठिकाणी सामानाची कोंडी कशी होते, हे त्यांनी जिवंत कृमीत टिपलं आहे.

ती दिवसाला एक मिलिमीटरची गती लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब तिच्यावर आहे.

## नस तुटते तेव्हा काय होतं

विजेची तार तुटली की दोन्ही टोकं जोडतो आणि दिवा लागतो. नसेचंही तसंच असणार असं आपण धरून चालतो, आणि सगळा गैरसमज इथून सुरू होतो.

१८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज संशोधकाने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून रोज त्यांचं निरीक्षण केलं. कापल्या जागेच्या अलीकडचा, पेशीला जोडलेला भाग टिकला. पलीकडचा सगळा भाग काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरून गेला, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. पेशीपासून तुटलेला तंतू जगत नाही. माणसातही हेच होतं. मावशीची नस सर्जननी जोडली, पण जोडाच्या पलीकडचे तंतू मरणारच होते. कितीही कुशल हात असला तरी ते वाचत नाहीत.

मग जोडलं काय?

परसातला दोडक्याचा वेल आठवा. मांडवावर लांबवर गेलेला वेल मधेच कापला. कापल्यापासून पुढचा वेल वाळून जातो, पण मांडव उभा राहतो आणि मुळाकडच्या खुंटाला नवे कोंब फुटतात. त्यांना काठी धरायला मिळाली तर ते पुन्हा त्याच मांडवावरून पुढे जातात. नसेतला मांडव म्हणजे तंतूंभोवतीच्या बारीक नळ्या. त्या नळ्यांमध्ये श्वान पेशी नावाच्या मदतनीस पेशी असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालं आहे. एरवी त्या तंतूवर चरबीचं आवरण घालतात. तंतू मेला की त्या आपलं कामच बदलतात. साफसफाईच्या पेशींना बोलावतात, स्वतःही मेलेल्या आवरणाचा कचरा उचलतात, नळीत एकापुढे एक रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला पोषक अशी द्रव्यं सोडू लागतात. सर्जननी जोडला तो हा मांडव. वेल स्वतः वाढत जावा लागतो.

आणि सगळ्या नसा तुटतातच असं नाही. हर्बर्ट सेडन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींवरून १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार पाडले, ते आजही वापरात आहेत. पहिल्यात तंतू शाबूत असतो, फक्त दाबामुळे निरोप थांबतो. तो काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप सुरळीत होतो. दुसऱ्यात आतला तंतू तुटतो पण नळी टिकते. तिसऱ्यात नळीसकट सगळं तुटतं आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसतं. "अमक्याचा हात बिनऑपरेशनचा बरा झाला" ही गोष्ट खरी असू शकते. अमक्याची इजा पहिल्या प्रकारची असेल. त्याच्यावरून आपलं ठरवू नये.

## दिवसाला एक मिलिमीटर, आणि मुंग्या

नवा तंतू साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला इंचभर. सांगाड्याचं जड सामान ज्या गतीने येतं, जवळपास त्याच गतीने.

तीन महिन्यांनी मावशीला घेऊन तपासणीला गेलो. डॉक्टर म्हणाले, "काकू, डोळे मिटा. मुंग्या कुठे येतात ते सांगा." मनगटापासून पुढे ते बोटाने हलके टिचक्या मारत गेले. मनगटावर काही नाही. तळहाताच्या सुरुवातीला काही नाही. तळहाताच्या मधोमध टिचकी पडली आणि मावशी दचकली. "बोटाच्या टोकाला आल्या!" टिचकी तळहातावर, मुंग्या तर्जनीच्या टोकाला. डॉक्टरांनी पेनने तिथे खूण केली आणि पट्टीने अंतर मोजलं. जोडापासून ६ सेंटिमीटर.

वाढणाऱ्या तंतूचं कोवळं टोक फार हळवं असतं, नुसत्या टिचकीनेही निरोप पाठवतं. तो तंतू पूर्वी ज्या बोटाचा होता त्या बोटातून निरोप आला असंच मेंदू समजतो. पॅरिसचे डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी १९१५ साली, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या नसा तपासताना, ही खूण नोंदवली. त्याच वर्षी जर्मनीत पॉल हॉफमन यांनीही ती स्वतंत्रपणे मांडली. टिनेल यांनी तिला फ्रेंचमध्ये जे नाव दिलं त्याच्या मुळाशी मुंगीसाठीचा शब्द आहे. हाताला मुंग्या येतात असं आपण म्हणतो, फ्रेंच माणूसही तेच म्हणतो. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

हिशोब सरळ आहे. जखमेतून सावरून जोड ओलांडायला तंतूला साधारण महिना लागतो. उरलेल्या दोन महिन्यांचे ६ सेंटिमीटर. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर, म्हणजे आणखी चार महिने तरी थांबायला हवं. घरी आल्यावर मावशीने कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवली. "कधी" याचं उत्तर मिळाल्यावर तिची झोप सुधारली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. रुग्णाला हा आकडा सांगायला दोन मिनिटं लागतात. प्रत्येक डॉक्टरने तो सांगावा, असं मला मनापासून वाटतं.

## वाट पाहून चालत नाही ते कुठे

आता हाच हिशोब खांद्यापाशी लावा. बाइकवरून पडताना डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे खेचला जातो आणि मानेतून हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा फाटतो. हेल्मेटने डोकं वाचतं, हा जुडगा वाचेलच असं नाही. मानेपासून हाताच्या पंज्यापर्यंत ७० सेंटिमीटर धरा. ७०० दिवस, जवळजवळ दोन वर्षं.

कातडी एवढी वाट पाहते, स्नायू पाहत नाही. निरोप न मिळालेला स्नायू वाळत जातो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तिला दाद देत नाही. म्हणून अशा इजेत "सहा महिने मालीश करून पाहू, मग बघू" हे सर्वांत महाग पडणारं वाक्य आहे.

यावर सर्जननी शोधलेली युक्ती मला विलक्षण सुंदर वाटते. लांबून नस वाढायची वाट पाहण्याऐवजी जवळची चालू नस उसनी घ्यायची. फ्रान्सचे क्रिस्तोफ ओबर्लँ यांनी १९९४ मध्ये पद्धत मांडली. पंज्याकडे जाणाऱ्या एका निरोगी नसेतली छोटी जुडी दंडातच वेगळी काढायची आणि तिथल्या तिथे कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडायची. अंतर काही सेंटिमीटरच उरतं. सुरुवातीला रुग्णाने मूठ वळली की कोपर वाकतं, कारण मेंदूच्या लेखी तो निरोप अजून पंज्याचा आहे. सराव करता करता मेंदू नवा पत्ता शिकतो आणि मग नुसतं कोपर वाकवायचं मनात आणलं तरी पुरतं.

## तंतू चुकीच्या घरी गेला तर

जातोच, बऱ्याचदा. हजारो तंतू एकाच वेळी वाढत असताना प्रत्येकाला आपली जुनी नळी सापडत नाही. चेहऱ्याचा अर्धांग, म्हणजे बेल्स पाल्सी, बरा झालेल्या काही लोकांना जेवताना एका डोळ्यातून पाणी येतं. लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले तंतू अश्रूंच्या ग्रंथीत जाऊन पोचलेले असतात. घास घेतला की डोळा वाहतो. वैद्यकात याला नक्राश्रू, मगरीचे अश्रू, हेच नाव आहे.

नस परत येते तेव्हा काय काय जाणवतं, याची सर्वांत बारकाईने ठेवलेली नोंद एका डॉक्टरने स्वतःवर केलेल्या प्रयोगातून आली आहे. लंडनचे हेन्री हेड रुग्णांच्या अर्धवट वर्णनांनी असमाधानी होते. २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी आपल्या डाव्या हातातली कातडीची नस मुद्दाम कापवून घेतली आणि पुन्हा जोडवून घेतली. पुढची चार वर्षं ते लंडनहून केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मित्राकडे जात राहिले. हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स त्यांच्या हातावर कधी कापूस फिरवत, कधी टाचणी टोचत, कधी गरम-थंड पाण्याच्या नळ्या लावत, आणि हेड सांगतील ते लिहून घेत. आधी परतली ती ओबडधोबड वेदना. टाचणी टोचल्या जागी न दुखता दुखणं भलतीकडे पसरायचं, आणि हवं त्याहून जास्त दुखायचं. कापसाचा हलका स्पर्श आणि नेमकी जागा ओळखण्याची ताकद फार उशिरा आली. यावरून हेड यांनी संवेदनेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असल्याचा सिद्धांत मांडला. तो पुढे टिकला नाही. विल्फ्रेड ट्रॉटर आणि मॉरिस्टन डेव्हिस यांनी आपल्याही नसा कापून घेतल्या आणि १९०९ मध्ये वेगळे निष्कर्ष दिले. नोंदी मात्र मोलाच्या राहिल्या. नस परतताना आधी विचित्र दुखतं, हे माहीत असलं की रुग्ण घाबरत नाही.

## मग मज्जारज्जूत काय बिघडतं?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे.

स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांना १९०६ साली मेंदूच्या रचनेवरील कामासाठी नोबेल मिळालं. नसेच्या पुनर्वाढीचा त्यांच्याएवढा अभ्यास तोवर कुणी केला नव्हता. त्यांनी पाहिलं की मज्जारज्जूतला तुटलेला तंतूही कोंब फोडतो, थोडा पुढे जातो आणि काही दिवसांत हार मानतो. प्रौढ मेंदूत आणि मज्जारज्जूत सगळं मरू शकतं, काहीही परत उगवत नाही, असा कठोर निष्कर्ष त्यांनी लिहून ठेवला. हा निकाल बदलायचा असेल तर ते उद्याच्या विज्ञानाने करावं, असंही लिहिलं. तो निकाल पुढे कित्येक दशकं पाठ्यपुस्तकात राहिला. त्याला जोडलेली आशा मात्र फारशी कुणी वाचली नाही.

त्यांच्याच प्रयोगशाळेत फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवला होता आणि मेंदूतले तंतू त्यात शिरताना पाहिले होते. पण ते तंतू खरंच मेंदूचेच, की आजूबाजूच्या एखाद्या साध्या नसेतून आलेले? सिद्ध करायचं साधन नव्हतं.

ते साधन सत्तर वर्षांनी मिळालं. कॅनडात माँट्रियल इथल्या मॅकगिल विद्यापीठाच्या अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने उंदरावर प्रयोग केले. १९८१ साली सॅम्युअल डेव्हिड आणि अग्वायो यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: मोठ्या उंदराच्या पायातल्या नसेचा सुमारे ३५ मिलिमीटरचा तुकडा घेतला. त्याचं एक टोक मेंदूच्या बुंध्यात रोवलं, दुसरं खाली मज्जारज्जूत, आणि मधला भाग कण्याच्या बाहेरून नेला, जसा बंद पडलेल्या रस्त्याला वळणरस्ता काढतात. काही महिन्यांनी तुकडा मधे कापून त्याच्या टोकांना हॉर्सरॅडिश नावाच्या मुळ्यासारख्या कंदातलं एक विकर लावलं. निशिगंधाची दांडी रंगीत पाण्यात ठेवली की रंग फुलापर्यंत चढतो, तसं हे विकर तंतूतून मागे मागे जात त्याच्या पेशीपर्यंत पोचतं. मग पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येते.

रंगलेल्या पेशी मेंदूच्या बुंध्यात आणि मज्जारज्जूत सापडल्या. ज्या पेशींचे तंतू वाढूच शकत नाहीत असं शिकवलं जात होतं, त्यांनी ३० मिलिमीटर मजल मारली होती. त्याच प्रयोगात दुसरी गोष्टही दिसली. पूल ओलांडून तंतू पुन्हा मज्जारज्जूत शिरले की एक-दोन मिलिमीटरवर थबकायचे.

तंतूंत ताकद होती. जागा त्यांना वाढू देत नव्हती.

## जागा अडवते म्हणजे नेमकं काय करते?

मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथे चरबीचं आवरण दुसऱ्या जातीच्या पेशी घालतात. कचरा उचलण्याचं काम इतकं संथ चालतं की मेलेलं आवरण महिनोन्‌महिने पडून राहतं. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी दाखवलं की याच आवरणात तंतूला "थांब" सांगणारी प्रथिनं असतात. त्यातल्या मुख्य प्रथिनाचा जनुक २००० साली हाती लागला. नाव पडलं नोगो, "जाऊ नको". १९९० मध्येच लिसा श्नेल आणि श्वाब यांनी या प्रथिनांना निकामी करणारं प्रतिद्रव्य उंदरांना देऊन काही तंतू इजेपलीकडे वाढवले होते. इजेच्या जागी घट्ट व्रणही तयार होतो आणि त्यातही वाढ अडवणारी द्रव्यं असतात. हा व्रण केवळ वैरी असल्याचं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१६ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात व्रण बनूच दिला नाही, तर वाढ सुधारली नाही. तो इजा पसरू न देण्याचंही काम करतो.

दोष एकट्या जागेचाही नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलका वाटतो तो पुरावा एका पेशीचा आहे. स्पर्शाची बातमी आणणाऱ्या काही पेशी मज्जारज्जूच्या शेजारी बसतात आणि त्यांना दोन फांद्या असतात. एक हातापायाकडे जाते, दुसरी मज्जारज्जूतून वर मेंदूकडे. पेशी तीच, जनुकं तीच. हातापायाकडची फांदी कापा, ती वाढते. मज्जारज्जूतली कापा, वाढत नाही. पण आधी हातापायाकडची कापली आणि मग मज्जारज्जूतली, तर आतली फांदीही काही अंतर वाढते. बाहेरच्या इजेने पेशीच्या आत झोपलेली वाढीची यंत्रणा जागी होते आणि ती जाग दोन्ही फांद्यांना पुरते. उलट, फक्त आतली फांदी तुटली तर पेशीला जणू इजेची वर्दीच पोचत नाही.

२००८ मध्ये बॉस्टनच्या झिगांग हे या शास्त्रज्ञाच्या गटाने ही यंत्रणा जनुकाच्या पातळीवर जागवली. पीटेन नावाचा जनुक पेशीच्या वाढीला लगाम घालतो. तो काढून टाकल्यावर उंदराच्या डोळ्याच्या तुटलेल्या नसेतले तंतू वाढले. इथेच पुढचा धोका दिसतो. पीटेनचा लगाम नसेल तर कर्करोग होऊ शकतो. माणसात तो सरसकट सैल करता येत नाही.

## माशाला जमतं, मग आपल्याला का नाही?

झेब्राफिश हा भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांत राहणारा बोटाच्या पेराएवढा मासा. त्याचा मज्जारज्जू कापला तर सहा-आठ आठवड्यांत तो पुन्हा पोहतो. त्याच्यात मदतनीस पेशी फटीवर पूल बांधतात आणि तंतू त्यावरून जातात. हा पूल बांधायला लागणारं एक प्रथिन २०१६ मध्ये ओळखलं गेलं. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही झेब्राफिशवर पुनर्निर्मितीचा अभ्यास चालतो. त्या प्रथिनाचा जनुक आपल्यातही आहे. इजेनंतर तो योग्य पेशीत, योग्य वेळी जागा होत नाही. एक मत असंही आहे की आपल्या मेंदूतल्या जोडण्या इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की मोठेपणी तंतूंनी वाटेल तिथे वाढू नये, म्हणूनच हे अडसर आले असावेत.

## पण व्हिडिओत तर माणूस चालताना दिसतो

दिसतो, आणि ते खरं आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ग्रेग्वार कुर्तीन आणि सहकाऱ्यांनी इजेच्या खालच्या मज्जारज्जूवर विद्युत पट्ट्या बसवून काही रुग्णांना पावलं टाकायला लावली. २०२३ मध्ये त्यांनी मेंदूवरच्या यंत्राने चालण्याचा विचार टिपून तो बिनतारी या पट्ट्यांना पोचवला. चालण्याची लय सांभाळणारी जोडणी कंबरेच्या मज्जारज्जूत असते आणि ती बहुधा शाबूत असते. फक्त वरून हुकूम येत नाही. यंत्र तो हुकूम दुसऱ्या वाटेने पोचवतं. तुटलेला तंतू त्याने उगवत नाही. जी काही थोडी वाट शिल्लक असेल तिला व्यायामाबरोबर बळ मिळतं, आणि तेही मोठं आहे.

नोगोविरोधी प्रतिद्रव्याची युरोपातली मानवी चाचणीही झाली. मानेच्या मज्जारज्जूच्या ताज्या इजेचे शंभराहून अधिक रुग्ण त्यात होते. एकूण गटात हातांच्या ताकदीत ठोस फरक दिसला नाही. ज्यांच्यात काही तंतू वाचले होते अशांत मात्र फायद्याच्या खुणा दिसल्या. उंदरापासून माणसापर्यंतची वाट अशीच असते.

## आणि स्टेम सेल?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता बाकी सर्व स्टेम सेल वापर हे संशोधन आहे, उपचार नव्हे. ते मंजूर चाचणीतच व्हायला हवं. चाचणी असेल तर तिची भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद असते. तो क्रमांक मागा. पैसे मागत असतील तर उठा.

"नुकसान तर होणार नाही ना, करून बघू" असं त्या आईने मला म्हटलं होतं. नुकसान होतं. परदेशात एका तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातल्या पेशी सोडल्या होत्या. आठ वर्षांनी तिच्या कण्यात चिकट स्राव करणारी गाठ सापडली आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागली. २०१४ मध्ये डॉक्टरांनी ही हकीकत छापली. पेशी जिवंत असते, ती आत जाऊन आपल्या मनासारखं वागेल असं नाही.

त्या मुलासाठी आज जे खरं आहे ते मी नंतर त्याच्या आईला सांगितलं. बसून बसून जखमा होऊ न देणं, लघवीच्या पिशवीची निगा, सांधे मोकळे ठेवणं, खांद्यांची ताकद. उद्या एखादा उपचार हाती आला तर तो चांगल्या ठेवलेल्या शरीरालाच लागू पडेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे रोजचं करायचं ते वाया जात नाही." नाही जात.

## बधीर जागेकडे दुर्लक्ष नको

कुष्ठरोगाचा जंतू नेमका श्वान पेशींतच घर करतो, दुरुस्ती करणाऱ्यांच्याच घरात. औषधांनी जंतू मरतो, पण उशीर झाला तर मेलेली नस परत येत नाही. आनंदवनात ज्यांची बोटं झिजलेली दिसतात, त्यांची बोटं रोगाने गळून पडलेली नसतात. बधीर हाताला चटका, काप, जखम कळली नाही म्हणून ती झिजली. अंगावर न खाजणारा, गरम-गार न कळणारा चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत आहे. बी-१२ ची कमतरताही नसांना मारते. कमतरता असेल तर ते घेतलंच पाहिजे, पण त्याने कापलेली नस जुळत नाही.

## मेंदूलाही शिकावं लागतं

सात महिन्यांनी मावशीच्या तर्जनीच्या टोकाला स्पर्श कळू लागला. पण काय लागतंय ते कळेना. तंतू परतले होते, काही चुकीच्या घरी, आणि मेंदूकडचा जुना नकाशा आता जुळत नव्हता. हातावर उपचार करणाऱ्या ताईंनी तिला एक अभ्यास दिला. वाट्यांत वेगवेगळी धान्यं घ्यायची, डोळे मिटून चिमटीत धरायची, ओळखायची, चुकलं तर डोळे उघडून पाहायचं आणि पुन्हा चिमटीत धरायचं. रोज दोन वेळा, दहा मिनिटं.

पहिल्या आठवड्यात तिला राजमाही ओळखता येईना आणि ती चिडून वाटी सरकवायची. आता वर्ष उलटून गेलंय. मूग आणि मेथी ती पटकन सांगते, तांदळातला खडा दहातून सात वेळा पकडते. मोहरी आणि नाचणी अजून सारखीच लागते म्हणते.